कच्च्या कुलपाचे नुकसान कोणाच्या खाती?

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर, आमच्या गाळ्यापासून चार गाळे सोडून, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका चाचांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचे ते रीत म्हणून. एक पोटमाळा, बफिंगच्या दोन मोटारी आणि तीन कारागीर एवढाच पसारा. मात्र केटरिंगवाल्यांच्या मोठ्या डेगी चकचकीत करून देण्यात त्यांचा हात धरणारा आसपास नाही. या चाचांच्या मोबाइलवर काही महिन्यांपूर्वी एक संदेश आला: तुमचे पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकले आहे, थोडे भाडे बाकी आहे, ते भरून माल सोडवून घ्या. बफिंगच्या चाकांचे पार्सल त्यांना यायचेच होते. त्यांनी दिलेल्या ठिकाणी बोट लावले, पान उघडले, कार्डाचा नंबर घातला, मग आलेला ओटीपीही घातला. भाडे ऐंशी रुपयांचे होते, खात्यातून गेले बेचाळीस हजार.

चाचा अडाणी नाहीत. पान उघडल्यावर त्यांनी वरच्या कोपऱ्यात कुलपाचे चिन्ह आहे की नाही, हे आधी पाहिले होते. कुलूप असेल तरच पैसे भरावेत, असे त्यांना त्यांच्या मुलाने शिकवले होते, आणि मुलाला ते कॉलेजात शिकवले होते. "कुलूप होतं ना भाई! मग चोर आत कसा शिरला?" हा त्यांचा प्रश्न. बँकेत गेले तर साहेबांनी दोन वाक्यांत निकाल दिला: ओटीपी तुम्हीच दिला, आम्ही काही करू शकत नाही. चाचांनी दुसऱ्याच दिवशी गल्ल्यावर पाटी लावली, 'फक्त रोकड'. त्या पाटीने पुढे त्यांचे किती गेले, तेही सांगितले पाहिजे. नाशिकच्या एका केटररला बयाणा ऑनलाइन पाठवायचा होता. चाचा नाही म्हणाले, तो दुसरीकडे गेला. चाळीस डेगींचे काम होते.

या प्रकरणावरून आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले आहेत. तरुण मंडळी म्हणतात की कुठलीही नवी चीज आधी कच्चीच असते, ठेचा खातच सुधारते, त्याशिवाय प्रगती नाही. बुजुर्ग म्हणतात की कच्चा माल बाजारात आणणे हाच मुळात धोका; भांडे गळत असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला देतो का? दोघांचेही बोलणे आम्हाला अर्धे पटते. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर हे कुलूप प्रथम घडवले गेले त्या काळात जावे लागेल.

व्यापारात गुपित राखणे ही काही इंग्रजांनी किंवा अमेरिकनांनी शिकवलेली गोष्ट नाही. कापडवाले ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांऐवजी ठरीव अक्षरांत लिहीत, म्हणजे गिऱ्हाइकासमोर नोकराला भाव कळावा, गिऱ्हाइकाला कळू नये. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, त्या करपल्लवीत शेजारी उभ्या असलेल्याला काही समजत नाही. असली गुपिते फोडण्याचे शास्त्रही जुने आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी यांनी लिहून ठेवले की भाषेत काही अक्षरे जास्त येतात, काही कमी. सांकेतिक मजकुरातली अक्षरे मोजा, म्हणजे कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर दडले आहे ते उलगडते. कुलूप आणि ते उघडणारा हात, दोघे तेव्हापासून बरोबरीने चालत आले आहेत.

इंटरनेटवर ही गरज नव्याने उभी राहिली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तारेवरून जाणारा मजकूर त्या काळी पोस्टकार्डासारखा उघडा असे. वाटेतल्या कोणत्याही यंत्रावर बसलेल्याला तो वाचता येई. उघड्या पोस्टकार्डावर कार्डाचा नंबर कोण लिहील? म्हणून अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेटची पाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची सोय १९९५ च्या आरंभी बसवली. तिचे नाव एसएसएल. मजकूर आता लिफाफ्यात जाऊ लागला, आणि लिफाफा बंद आहे हे पडद्यावर चावीच्या चित्राने दिसू लागले. नेटस्केपचे तेव्हाचे मुख्य शास्त्रज्ञ ताहिर अल्-गमाल हे मूळचे कैरोचे. त्यांना या कुलपाचे जनक म्हटले जाते. आमच्या काही वाचकांना हे वाचून बरे वाटेल, आम्हालाही वाटले. मात्र आपल्या माणसाचा हात लागला म्हणून कुलूप पक्के ठरत नाही, आणि हे कुलूप पक्के नव्हते.

ते कच्चे होते दोन तऱ्हांनी. या दोन तऱ्हांतला फरक हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे.

पहिली तऱ्हा चुकीची. सांकेतिक मजकुराची चावी दर वेळी नवी आणि कोणाला अंदाज न येणारी हवी. नेटस्केपचा प्रोग्रॅम ही चावी कशावरून घडवी? घड्याळातली त्या क्षणाची वेळ आणि कॉम्प्युटरने चालू कामांना दिलेले दोन क्रमांक, एवढ्यावरून. म्हणजे तिजोरीचा आकडा मालकाच्या जन्मतारखेवरून ठरवण्यासारखे झाले. बर्कलीच्या विद्यापीठात शिकणारे इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन तरुणांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ही गोष्ट पकडली. कंपनीने प्रोग्रॅमचा आतला नकाशा कोणाला दिलेला नव्हता. तयार कपडा शिवण शिवण उसवून बेत काढावा तसा तो या दोघांनी काढला. त्याच यंत्रावर खाते असलेल्या माणसाला ही चावी एका मिनिटाच्या आत सापडू शकते, हे त्यांनी दाखवले आणि जाहीर केले.

कंपनीने तातडीने दुरुस्ती काढली. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९९५ मध्ये, तिने आपल्या नव्या ब्राउझरमधले दोष शोधून देणाऱ्यांना बक्षीस जाहीर केले. १९९६ मध्ये बाहेरचे तज्ज्ञ पॉल कोचर यांना बरोबर घेऊन सगळे कुलूप नव्याने घडवले गेले. पुढे १९९९ मध्ये ते एका कंपनीचे न राहता टीएलएस या नावाने सर्वांचे झाले, आणि २०१८ मध्ये त्याची आणखी सुधारलेली आवृत्ती आली. १९९५ ची जी आवृत्ती होती तिच्यावर २०११ मध्ये, आणि १९९६ च्या आवृत्तीवर २०१५ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने रीतसर बंदी घातली. इथे तरुण मंडळींचे म्हणणे खरे ठरते. चूक उघड झाली, मान्य झाली, दुरुस्त झाली, आणि पुढचे कुलूप आधीच्यापेक्षा भक्कम निघाले.

लोखंडी कुलपांचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. १८५१ मध्ये लंडनला जगातील मालाचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने इंग्लंडचे नामांकित चब कंपनीचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले. ब्रामाचे कुलूप तर दुकानाच्या खिडकीत 'उघडून दाखवा, दोनशे गिनी घ्या' असे आव्हान लावून ठेवलेले होते. ते उघडायला हॉब्जला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडले. गहजब झाला. चोरांना शिकवता काय, असे लोक म्हणाले. चोरांना आधीच ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त कुलूप विकत घेणाऱ्यांना. त्यानंतर कुलूपवाल्यांना सुधारणे भाग पडले. आपल्याकडे १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली ती अशा सुधारलेल्या शास्त्रावरच. अलीगढचा कारागीर आजही कुलूप विकताना किती लिव्हरचे आहे ते सांगतो, कारण लिव्हर वाढले की चावीवाल्याची मेहनत वाढते.

लिव्हरचीच गोष्ट पुढे न्यायची तर दुसऱ्या तऱ्हेच्या कच्चेपणाकडे यावे लागते. कॉम्प्युटरच्या कुलपाची ताकद खटक्यांत मोजतात. एक खटका वर किंवा खाली, म्हणजे दोन चाव्या शक्य. दोन खटके, चार चाव्या. तीन खटके, आठ. दर खटक्याला दुप्पट. त्या काळी अमेरिकन सरकार असली सांकेतिक साधने शस्त्रास्त्रांच्या यादीत धरत असे. अमेरिकेतल्या लोकांनी १२८ खटक्यांचे कुलूप वापरावे, पण परदेशी पाठवायचे ते ४० खटक्यांचेच, असा हुकूम होता; कारण सरकारच्या हेरखात्याला ते उघडता यावे. कंपन्यांनी हुकूम कसा पाळला तेही ऐकण्यासारखे आहे. परदेशी कुलपाची चावी दिसायला १२८ खटक्यांचीच असे, पण त्यातले ८८ खटके उघडपणे तारेवरून सांगून टाकायचे आणि ४० तेवढे गुप्त ठेवायचे! दुकानाला आठ लिव्हरचे कुलूप लावावे आणि त्यातले पाच लिव्हर घासून काढावेत, तसली ही कारागिरी.

४० खटक्यांच्या चाव्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, यंत्राला वाटत नाही. ज्या ऑगस्ट १९९५ मध्ये मुंबईत इंटरनेट खुले झाले, त्याच महिन्यात फ्रान्समधील दामियें दोलिगेझ या संशोधकाने सुमारे १२० कॉम्प्युटर आणि दोन मोठी यंत्रे आठ दिवस जुंपून असली एक चावी शोधून काढली. म्हणजे भारतातल्या सामान्य माणसाच्या हाती इंटरनेट आले ते जवळजवळ फोडलेल्या कुलपासकटच.

ही चूक नव्हती, हा हुकूम होता. म्हणूनच ती कोणा विद्यार्थ्याने दाखवून दिली म्हणून सुधारली नाही. कारागिराची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. हुकूम उठायला वर्षे जातात. अमेरिकेने हे निर्बंध खऱ्या अर्थाने सैल केले ते जानेवारी २००० मध्ये. तोवर आपल्या सरकारलाही हा आकडा आवडला होता. १९९८ नंतर खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे जे परवाने दिले गेले त्यांत ४० खटक्यांपर्यंतचेच कुलूप विनापरवानगी वापरता येईल, त्याहून मोठे हवे तर परवानगी घ्या आणि चावी सरकारकडे ठेवा, अशी अट होती. गंमत अशी की याच देशाच्या रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी नियम काढले, त्यात किमान १२८ खटक्यांचे कुलूप लावा असे बँकांना सांगितले. दिल्लीचे एक खाते म्हणते ४० च्या वर जाऊ नका, मुंबईची रिझर्व्ह बँक म्हणते १२८ च्या खाली येऊ नका. असा विरोधाभास छोट्या दुकानदाराच्या कागदपत्रांत आढळला असता तर त्याला दंड झाला असता.

आणि हुकमाने काढलेली ही भोके बुजता बुजत नाहीत. हुकूम उठल्यावरही ती जुनी दुबळी कुलपे जगभरच्या यंत्रांत कोपऱ्यात पडून राहिली. मार्च २०१५ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, संशोधकांना आढळले की वाटेत बसलेला चोर चांगल्या ब्राउझरला फसवून तेच जुने 'परदेशी' कुलूप लावायला भाग पाडू शकतो आणि मग काही तासांत ते फोडू शकतो. हेरांसाठी ठेवलेल्या दारातून चोर येतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या केंद्र सरकारने एक मसुदा काढला होता, ज्यात सांकेतिक करून पाठवलेला मजकूर साध्या रूपातही ९० दिवस जपून ठेवण्याची सक्ती सुचवली होती. ओरड झाली आणि मसुदा काही दिवसांतच मागे घेतला गेला. मागे घेतला हे चांगले झाले, पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही तो काढावासा वाटला, याचे आम्हाला नवल वाटते.

आता तरुणांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ. कुलूप कच्चे असूनही व्यापार वाढलाच ना? वाढला. अ‍ॅमेझॉनने पुस्तके विकायला जुलै १९९५ मध्ये सुरुवात केली, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही प्रकार उघडकीस आले त्याच उन्हाळ्यात. लोकांनी कार्डाचे नंबर दिले, पुस्तके घेतली. पण कुलपाच्या भरवशावर दिले, हे म्हणणे बरोबर नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कायदा होता की कार्डाचा कोणी परस्पर गैरवापर केला तर गिऱ्हाइकावर जास्तीत जास्त ५० डॉलर पडतील, त्याच्या वरचे नुकसान त्याने सोसायचे नाही. गिऱ्हाईक निर्धास्त होते ते या ५० डॉलरच्या आकड्यामुळे. ब्राउझरमधली चावी किती खटक्यांची आहे हे शंभरात एकालाही माहीत नसावे. गिऱ्हाइकाने न सोसलेले नुकसान हवेत विरत नाही, ते तिथल्या दुकानदारांच्या आणि बँकांच्या खाती पडले, हेही नमूद केले पाहिजे. दुकानदारांनी पुष्कळ सोसले. मात्र त्या दोघांकडे आवाज होता, वकील होते, आणि कुलूप सुधारून घेण्याची निकड होती. सोसणारा जर सुधारणा करून घेऊ शकत असेल, तर कच्चे कुलूपही प्रगतीला हातभार लावते. सोसणारा एक आणि कुलूपवाला दुसराच असेल, तर कुलूपवाल्याला घाई कशाची?

आपल्याकडे काय झाले ते याच हिशेबाने पाहावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, ज्यातून आज आपण जाणतो तो ओटीपी घरोघर पोहोचला. हे कुलूप चांगलेच आहे, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला: ओटीपी घातला की जबाबदारी गिऱ्हाइकाची, अशी बँकांची समजूत पक्की झाली. पुढे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि केबिन रोडवरच्या वडापाववाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सर्वांच्या गल्ल्यावर क्यूआरचा कागद लागला. त्या यंत्रणेत एक सोय होती, कोणीही कोणाकडे पैसे मागण्याची विनंती पाठवू शकत असे. ठग 'तुम्हाला पैसे येत आहेत, पिन घाला' म्हणून अशी विनंती पाठवत, आणि माणूस पिन घालून पैसे घेण्याऐवजी देऊन बसे. व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय बंद झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. नऊ वर्षांनी! बर्कलीच्या पोरांनी दाखवलेली चूक तातडीने दुरुस्त झाली आणि ही नऊ वर्षे राहिली, यामागे आम्हाला एकच कारण दिसते. पहिल्या वेळी कंपनीची अब्रू आणि धंदा पणाला लागला होता. दुसऱ्या वेळी पणाला लागले होते रिक्षावाले, शिवणवाले, पेन्शनर.

आता चाचांचा प्रश्न: कुलूप असताना चोर आत कसा शिरला? त्याचे उत्तर असे की कुलूप खरेच होते आणि ते फुटलेही नाही. चाचांचा नंबर बंद लिफाफ्यात, अगदी सुरक्षित, थेट चोराच्या हाती पोहोचला. हे कुलूप फक्त वाटेची हमी देते, पलीकडे बसलेल्या माणसाच्या नियतीची नाही. असे कुलूप लावण्यासाठी जो दाखला लागतो तो २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळू लागला, त्यामुळे सावही लावतो आणि चोरही लावतो. दाखले देणारी मंडळीही चुकतात. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या शिक्क्याने गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाल्याचे उघड झाले आणि शिक्का रद्द करावा लागला. लोक कुलपाला सचोटीची खूण समजतात हे पाहून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे ते चिन्हच काढून टाकले. अठ्ठावीस वर्षे लोकांना 'कुलूप पाहा' म्हणून शिकवले, आणि मग कुलूप गुपचूप उतरवले. मधल्या काळात चाचांसारख्यांना कोणी सांगितले? मुलाला कॉलेजात अजून जुनाच धडा शिकवत होते.

वाट सुरक्षित असली तरी घर फुटू शकते, याचे उदाहरण पुण्याचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये देशोदेशीच्या एटीएममधून आणि परदेशी खात्यात पळवले. त्यात एकाही खातेदाराने कुठे ओटीपी सांगितला नव्हता. ते नुकसान बँकेचे मानले गेले, खातेदारांचे नाही. योग्यच झाले. मग आमचे विचारणे एवढेच, की यंत्रणेच्या दोन अंगांपैकी एक फुटले तर बँकेचे आणि दुसरे फुटले तर चाचांचे, ही वाटणी कोणी केली?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी यावर नियम घातला होता, तो आमच्या बांधवांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कोणाची असेल, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत केली तर छोट्या उद्योगाच्या चालू खात्यावर जास्तीत जास्त १० हजार रुपयांचा बोजा. ग्राहकाच्या हलगर्जीने पैसे गेले असतील तर मात्र तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि तक्रार केल्यानंतरचे बँकेचे. चाचा बँकेत गेले पाचव्या दिवशी, कारण मुलगा गावी गेला होता. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन केला असता तर निदान पुढे गेलेली रक्कम वाटेत अडवायचा प्रयत्न झाला असता. हा आकडा आम्ही आता आमच्या गाळ्याच्या भिंतीवर, वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकाशेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

पण 'हलगर्जी' या शब्दावर आमचा आक्षेप आहे. कुलूप पाहून विश्वास ठेवणे ही हलगर्जी, की शिकवल्याप्रमाणे वागणे? इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की ठगाच्या भूलथापेने माणसाने स्वतःच्या हाताने खात्यातून खात्यात पैसे पाठवले तरी, त्याने अगदीच बेफिकिरी केली नसेल तर, ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, आणि तिचा बोजा पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. यात सामान्य ग्राहकांबरोबर अगदी छोटे व्यावसायिकही येतात. कार्डाचे व्यवहार त्यात येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे आहेत. ज्या बँकेत चोराचे खाते उघडले गेले तिलाही किंमत मोजावी लागते, ही त्यातली खरी मेख. खाते उघडताना कागद कोणी तपासले, एका दिवसात येऊन त्याच दिवशी निघून गेलेली रक्कम कोणाच्या नजरेतून सुटली, हे विचारणारा मग बँकेतच बसलेला असतो.

यावर आमच्या ओळखीचे एक बँकवाले म्हणाले, असे केले तर लोक बेफिकीर होतील आणि खोट्या तक्रारींचा पूर येईल. ही भीती अगदीच खोटी नाही. आमच्या बाजारातही फुटके भांडे घरी फोडून 'असेच आले होते' म्हणणारी गिऱ्हाइके येतात. म्हणून आम्ही भांडी विकणे किंवा गळके भांडे बदलून देणे बंद केले नाही. पाहून, विचारून, दहापैकी नऊ वेळा बदलून देतो, आणि डाग कुठे राहिला हे कारागिराला दाखवतो. त्यामुळेच पुढचा डाग पक्का बसतो.

तेव्हा बुजुर्गांना आमचे म्हणणे असे की कच्च्या चिजेला बाजारात येऊच देऊ नये, हा हट्ट सोडावा. त्या हट्टाने १९९५ चे कुलूप कधी २०१८ चे झाले नसते, आणि 'फक्त रोकड' या पाटीने चाळीस डेगी जातात. तरुणांना म्हणणे असे की ठेचा खाऊन शिकावे हे खरे, पण ठेच कोणाला लागते आणि शिकतो कोण, हे तपासल्याशिवाय तिला प्रगती म्हणू नये. आणि सरकारला म्हणणे असे की कुलपे मुद्दाम दुबळी ठेवण्याचा मोह पुन्हा होऊ देऊ नये.

चाचांच्या वतीने आम्ही एक अर्ज लिहिला आहे. त्यात पैसे मागितले आहेतच, पण त्याआधी तीन गोष्टी विचारल्या आहेत: पैसे कोणत्या बँकेच्या खात्यात गेले, ते खाते किती दिवसांपूर्वी उघडलेले होते, आणि चाचांनी तक्रार केली तेव्हा त्या खात्यात किती शिल्लक होती. बँकेने अर्ज घ्यायला टाळाटाळ केली, पोच द्यायला तर साफ नकार दिला. मग आम्ही तो रजिस्टर पोस्टाने पाठवला; पोचपावती चाचांच्या गल्ल्यात आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे ठरले आहे. पाटी अजून तशीच आहे. मात्र परवा चाचांच्या मुलाने तिच्या खाली क्यूआरचा कागद चिकटवला, आणि चाचांनी तो पाहूनही काढला नाही.